अण्णांची मुखपृष्ठांची वही

दिवाळी अंक घरात आला, की तो आधी कोणाच्या हाती पडतो यावरून आमच्या घरी अजून भांडणे होतात. ज्याच्या हाती पडतो तो अनुक्रमणिका पाहत नाही, संपादकीय तर नाहीच नाही. तो मुखपृष्ठ पाहतो आणि ‘झकास!’ किंवा ‘यंदा काही खरे नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. आतल्या अडीचशे पानांना मग त्या निकालाविरुद्ध अपील करीत बसावे लागते. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, म्हणजे त्या अडीचशे पानांच्या बाजूची माणूस. पण मी वाढले ती मात्र मुखपृष्ठे फाडणाऱ्याच्या घरात.

‘फाडणाऱ्याच्या’ हा शब्द वाचकांना खटकेल. खुलासा करते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, दिवसा एका छापखान्यात कटिंगवर असत आणि रात्री घरी पुस्तके बांधीत. जुन्या नाशकातल्या गल्लीबोळांत तेव्हा दोन-दोन कपाटांची छोटी वाचनालये होती, आणि त्यांची पुस्तके आमच्याकडे बांधणीला येत. वाचनालयाचे कोरे पुस्तक थेट कपाटात जात नसे, ते आधी बांधणाऱ्याकडे जाई. पातळ रंगीत मुखपृष्ठ चार वाचकांच्या हातांत टिकणार नाही, हे ठरलेलेच. म्हणून ते काढून टाकायचे, जुजबंदी शिवण घालायची, वर जाड पुठ्ठा, पाठीला कापड, वरून तपकिरी रेक्झिन. नाव आणि नंबर पांढऱ्या चिठ्ठीवर. खळ शिजवण्याचे काम माझ्याकडे असे. मैद्याच्या खळीत मोरचुदाची चिमूट टाकायची, म्हणजे कसर लागत नाही. ती चिमूट माझ्या हातून नेहमी जास्त पडे.

या पुस्तकांत निम्म्याहून अधिक रहस्यकथा, आणि रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव किती वाचकांना ठाऊक होते कोण जाणे! १९४२ च्या सुमारास त्यांनी रहस्यकथा लिहायला घेतल्या आणि १९९६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तके जमा होती. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा सोबती छोटू ही मंडळी महाराष्ट्रात कित्येक घरच्या नातेवाइकांपेक्षा जास्त परिचयाची होती. या मंडळींना चेहरे दिले ते प्रामुख्याने रघुवीर मुळगावकरांनी. काळी टोपी, हातात पिस्तूल, मागे निळा अंधार, आणि पुढे टपोऱ्या डोळ्यांची, नुकतीच दचकलेली एक सुंदर स्त्री. हे मुखपृष्ठ पाहिले, की लेखकाचे नाव वाचायची गरज उरत नसे.

मराठी पुस्तकाला हा थाट काही पहिल्यापासून नव्हता. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली. त्या काळचे पुस्तक म्हणजे वर नाव, खाली छापखाना, भोवती फार तर वेलबुट्टीची चौकट. चित्र छापणे हे महागाचे आणि निगुतीचे काम होते. चित्राचा फोटो घेऊन, त्याचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून, धातूच्या पत्र्यावर ठसा उठवायचा. रंगीत चित्र असेल तर पिवळ्याचा वेगळा, तांबड्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा. हे तिन्ही एकावर एक बिनचूक बसले तर नाक नाकाच्या जागी येते, नाहीतर नायिकेला दोन ओठ फुटतात! आमच्या नाशिककरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी याच विद्येतले कारागीर होते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी १९०९ साली जर्मनी गाठली, आणि मग १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. हलणाऱ्या चित्रांच्या आधी त्यांनी न हलणारी चित्रे जुळवली होती. त्याच १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, आणि सणाच्या फराळाबरोबर सजलेले मासिक घरात येण्याची रीत पडली.

पुढे दोन गोमंतकीयांनी मराठी पुस्तकांच्या दुकानाचा दर्शनी भाग वाटूनच घेतला. एक मडगावचे दीनानाथ दलाल, दुसरे मुळगावकर. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले, मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढली. दलालांच्या रेषेत डौल होता. बाबासाहेब पुरंदऱ्यांचे ‘राजा शिवछत्रपति’ आठवते ते दलालांच्या चित्रांसकट. मुळगावकरांच्या रंगात एक प्रकारची साय होती. त्यांच्या बायका आणि देव दोघेही लोण्यातून काढल्यासारखे दिसत. रसिक मंडळी त्यांना नाके मुरडीत, आणि त्याच रसिकांच्या घरी भिंतीवर मुळगावकरांचे कॅलेंडर टांगलेले असे. १९७१ साली दलाल गेले, १९७६ साली मुळगावकर.

आता वाचकाचे काय? त्याला ही मुखपृष्ठे आवडत, पण ती चारचौघांत दाखवायची त्याला लाज वाटे! अर्नाळकर वाचणे हे सभ्य घरात विडी ओढण्यासारखेच मानले जाई. म्हणून ज्याने पुस्तक विकत घेतले तो घरी येताच त्यावर ‘गावकरी’चे पान चढवी. वरून पाहणाऱ्याला वाटावे, मुलगा नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याचे भाव अभ्यासतो आहे. थोडक्यात, वाचनालयातले मुखपृष्ठ अण्णा फाडीत आणि घरातले मुखपृष्ठ वाचक झाकी. इतके असूनही साऱ्यांना ते तोंडपाठ होते, याचे मला अजून नवल वाटते. विलायतेतही हाच प्रकार पुढे निराळ्या वाटेने झाला. हॅरी पॉटरची पहिली कादंबरी १९९७ साली निघाली. मोठी माणसेही ती वाचू लागली, पण मुलांचे चित्र असलेले पुस्तक आगगाडीत उघडायला त्यांना संकोच वाटे. प्रकाशकाने दुसऱ्याच वर्षी आतला मजकूर तोच ठेवून प्रौढांसाठी गंभीर चेहऱ्याची वेगळी आवृत्ती काढली. आमच्याकडे ते काम ‘गावकरी’ने फुकट केले होते.

मुखपृष्ठ फाडल्यावर त्याचे करायचे काय? इतर बांधणारे ते रद्दीत टाकीत किंवा उलट्या बाजूने अस्तराला वापरीत. अण्णांना ते जमले नाही. एका किराणा दुकानदाराने बांधणीच्या पैशांऐवजी त्यांना वहीपूजनाची एक जाडजूड लाल वही दिली होती. बरीचशी कोरी. अण्णांनी तिच्यात मुखपृष्ठे चिकटवायला सुरुवात केली. एका पानावर एक, खाली तारीख. जमाखर्चाच्या उभ्या रेघांवर झुंजार पिस्तूल रोखून उभा. जमेच्या बाजूला दचकलेली स्त्री, नावेच्या बाजूला मुखवटा. आम्ही भावंडे रात्री ती वही पाहत असू आणि ज्या पुस्तकांची पाने आम्ही कधी उघडली नव्हती त्यांच्या गोष्टी मनाने रचीत असू. माझे पहिले लेखन तेच. पुढे खरी पुस्तके वाचली तेव्हा कळले, की मुखपृष्ठावरची बाई आत शोधूनही सापडत नाही. अण्णांना विचारले तर म्हणाले, “पोरी, हलवायाच्या पाटीवर पेढा काढलेला असतो. तो खायचा नसतो.”

हे सांगायचे कारण, की जुन्या मुखपृष्ठांविषयी हळवे होताना लोक ही लबाडी विसरतात. मुळगावकरांचे चित्र गोष्टीशी इमान राखून होते म्हणून काही ते लाडके झाले नाही. ते आधी भेटले म्हणून लाडके झाले. शेरलॉक होम्सचेच पाहा ना. त्याची ती दोन्ही बाजूंनी चोच असलेली प्रसिद्ध टोपी ‘स्ट्रँड’ मासिकात चित्रे काढणाऱ्या सिडने पॅजेटने त्याच्या डोक्यावर चढवली. कॉनन डॉइलने तिचे नावही घेतलेले नाही. पण आज ती टोपी काढून घेतली तर होम्सला बेकर स्ट्रीटवरही कोणी ओळखायचे नाही.

लाडकी मुखपृष्ठे बदलतात कशी, याची कारणे फार काव्यमय नसतात. धातूचे ठसे झिजतात, गहाळ होतात. ऑफसेट छपाई आली तेव्हा जुने ठसे निरुपयोगी झाले. त्यांवरून नवे चित्र धड उतरेना, आणि मूळ चित्र कुठे गेले याचा पत्ता नसे. चित्रकार जातो, प्रकाशन बंद पडते, हक्क दुसऱ्याकडे जातात. नवा प्रकाशक म्हणतो, जुन्या पुस्तकाला नवा गिऱ्हाईक हवा, तर त्याला नवा सदरा घाला. यात त्याचे काही चुकते असेही नाही.

आणि कधी कधी कायदाच पुस्तकाला मोकळे सोडतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती आमच्या नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत बहुतेक. गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. तो २०१० च्या अखेरीस संपला आणि १ जानेवारी २०११ पासून ज्याला वाटेल त्याने ‘श्यामची आई’ छापावी असे झाले. झाले! आज मेन रोडवर पुस्तकांच्या दुकानात गेलात तर एकाच आईची अनेक रूपे एका ओळीत उभी असतात. कुठे ती नऊवारीत तुळशीपुढे, कुठे नुसती सावली. आमच्या शाळेत बक्षिसासाठी मी एकदा यातल्या तीन निरनिराळ्या आवृत्त्या आणल्या. एका मुलाची आजी दुसऱ्या दिवशी शाळेत आली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, “बाई, जरा बदलून द्याल का? ही श्यामची आई नाही.” तिच्या मनातली आई होती ती १९५३ च्या अत्रे यांच्या चित्रपटातली वनमालाबाई. मी बदलून दिली. दुसरीतही वनमालाबाई नव्हती, पण आजींनी ती चालवून घेतली.

मला तेव्हा हसू आले होते. पुढे माझ्यावरच वेळ आली. माझ्या एकाच कुटुंबावरच्या तीन कादंबऱ्या आहेत. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेली बाई, त्या कोणी छापल्या याचेच मला अप्रूप. काही वर्षांनी प्रकाशकांनी त्यांना नवी मुखपृष्ठे केली. तिन्हींवर एक तरुणी पाठमोरी चालत दूर निघालेली. हल्ली पुस्तकांवरच्या सगळ्या बायका पाठमोऱ्या का असतात, हे एक कोडेच आहे. चेहरा काढला नाही, की चुकण्याची भीती नाही, असे असावे. चित्रे मला पसंतीसाठी दाखवली गेली होती आणि मी ‘छान’ म्हटले होते. महिन्याभराने खानदेशातल्या एका वाचक बाईंचे पोस्टकार्ड आले. त्यांनी लिहिले होते, की पहिल्या आवृत्तीवर घराचा ओटा होता, दारात बाई बसलेली होती, आणि ती आपल्याकडे पाहत होती. आता ती निघून का चालली आहे? असे काय झाले? त्या कार्डाला मी तीनदा उत्तर लिहायला घेतले. अजून दिलेले नाही.

अर्नाळकरांच्या निवडक पुस्तकांचे संच मधल्या काळात नव्याने छापून आले. नवी मांडणी, नवी मुखपृष्ठे. २०१७ च्या सुमारास मी त्यातला एक संच घरी आणला. आमच्या अण्णांचे मित्रमंडळ रोज संध्याकाळी गंगेवर जमत असे (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे परगावच्या वाचकांसाठी). अण्णांना तेव्हा अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवा हात निकामी. म्हणून ही मंडळीच आमच्या घरी येऊन बसत. संच पाहून त्यांच्यात जी जुंपली ती ऐकण्यासारखी होती. एक म्हणाले, हे साबणाचे खोके दिसते. दुसरे म्हणाले, मुळगावकर नाही तर झुंजार कसला, तो तर एखादा बँकेतला माणूस. तिसरे मनाने उदार. त्यांचे म्हणणे, निदान छापले तरी, नाहीतर आपल्याबरोबर हेही गेले असते. शेजारचा एक तरुण सहज डोकावला होता. त्याने वहीतली जुनी मुखपृष्ठे आणि नवी पुस्तके शेजारी ठेवून पाहिली आणि सरळ सांगितले, की जुने पुस्तक मी बसमध्ये हातात धरले नसते, हे धरेन. यावर सगळे काका त्याच्यावर तुटून पडले. मला मात्र वाटले, या पोराच्याच वयाचे असताना हे सारे काका ‘गावकरी’चे पान चढवून वाचत नव्हते काय?

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने पुस्तक उलटसुलट केले, पाठीवर बोट फिरवले, आणि ठेवून दिले. आठवडाभर ते उशाशी तसेच पडून होते. ज्या माणसाने उभा जन्म अर्नाळकर हाताळले, शिवणीच्या दोऱ्याला गाठ मारता मारता शेवटचे पान आधी वाचून टाकले, त्याला ते पुस्तक उघडवेना. मी म्हटले, “अण्णा, गोष्ट तीच आहे. वाचून दाखवू का?” ते म्हणाले, “तीच आहे ग. पण कुणी दुसऱ्यानेच सांगितल्यासारखी वाटते.” झटक्यानंतर त्यांचे उच्चार अडखळत, त्यामुळे हे एवढे बोलायलाही त्यांना वेळ लागला.

मग एके रात्री त्यांनी मला खळ करायला सांगितली. मैदा होता. मोरचूद कुठून आणायचा? तोही जुन्या डब्यात पुडीला चिकटलेला सापडला. पुठ्ठा, कापड, दाभण सारे माळ्यावरून काढले. अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले आणि मी खाली. ते सांगतील तसे मी करायचे. पहिली सूचना होती, मुखपृष्ठ काढ. त्यांच्या शेजारी बसून शेकडो पुस्तकांची खळ मी शिजवली होती, पण मुखपृष्ठ असे कधी माझ्या हाताने काढले नव्हते. हल्लीची पुस्तके शिवलेली नसतात, पाठीला नुसती चिकटवलेली असतात. ओढले की पाने सुटतात. ‘हळू, कोपऱ्यातून’ असे ते दोनदा म्हणाले. चिकट पदार्थाचा कर्र आवाज झाला आणि ते निघाले. सुटी झालेली पाने मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे कडेला भोके पाडून शिवली. तपकिरी रेक्झिन कुठले मिळायला, तपकिरी कागदच लावला. वर पांढरी चिठ्ठी. नंबर काय घालू विचारले तर त्यांनी एक नंबर सांगितला. तो त्यांना कुठून आठवला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा पुस्तक त्यांच्या छातीवर उघडे होते. संध्याकाळी आले तेव्हा संपत आले होते. संचातली उरलेली पुस्तकेही आम्ही तशीच बांधली, आठवड्याला एक. जेमतेम दोन वर्षे त्यांना त्यापुढे मिळाली. २०१९ साली ते गेले.

लाल वही आता माझ्याकडे असते. कधी कधी मी ती शाळेत नेते. मुले ती दचकलेली बाई पाहून खो खो हसतात. ‘बाई, हिला काय दिसले?’ असे एकाने विचारले, तेव्हा मी त्यालाच गोष्ट रचायला सांगितली. मुले पाने उलटत शेवटाकडे येतात तेव्हा चित्रांची जात अचानक बदलते. तिथे त्या नव्या संचाची मुखपृष्ठे आहेत. काढलेले मुखपृष्ठ टाकून देऊ नको, म्हणून अण्णांनी मला बजावले होते. प्रत्येक मुखपृष्ठ मी एका पानावर चिकटवले आणि खाली तारीख त्यांनी घातली, डाव्या हाताने. आकडे वेडेवाकडे आले आहेत. पहिल्या पानावर खळीत मोरचूद जास्त झाल्यामुळे कोपऱ्यात एक निळसर डाग उमटला आहे.